घामाचा भाव आणि धंद्याची बरकत

(शेतकरी व मच्छीमार बांधवांच्या बैठकीत एका शाळामास्तरांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी तुमच्याशी मजुरीबद्दल बोलणार आहे. विषय ऐकून कोणी म्हणेल, मास्तर, मजुरी देणारा देतो, घेणारा घेतो. त्यात भाषण कसले करायचे? पण हा विषय दिसतो तितका सोपा नाही. सरकारने किमान मजुरी वाढवली की मजूर म्हणतो, चार घास जास्त मिळाले. मालक म्हणतो, माझा धंदा बसला. आणि आपण मात्र मध्येच अडकतो, कारण आपण दोन्हींकडे आहोत. भाताच्या लावणीला बाया बोलावतो तेव्हा आपण मालक असतो. आपलाच मुलगा कारखान्याच्या फाटकावर कामासाठी उभा राहतो तेव्हा आपण मजुराचे बाप असतो. ज्याची स्वतःची होडी आहे तो मोसमात खलाशी ठेवतो, आणि त्याचाच धाकटा भाऊ दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातो. सकाळी मजुरी कमी करायला निघालेला माणूस संध्याकाळी मजुरी वाढवून मागतो. तेव्हा या प्रश्नाकडे एका डोळ्याने पाहणे आपल्याला परवडणारे नाही.

प्रश्न असा आहे: मजुराची मजुरी वाढावी आणि धंदाही वाढावा, हे दोन्ही एकदम होऊ शकते की नाही? याचे उत्तर पुस्तकातून देण्याऐवजी मी तुम्हांला एका ठिकाणी घेऊन जातो. ते ठिकाण म्हणजे सुरत आणि सुरतेभोवतीचा ऊस.

नवापूरचे स्टेशन

सुरतेहून भुसावळकडे जाणारी आगगाडी बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार अशी जाते. यातले नवापूरचे स्टेशन मोठे गमतीचे आहे. ते अर्धे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात आहे. फलाटावर उभे राहून माणूस दोन पावलांत राज्य बदलतो. पण दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास धुळे-नंदुरबारकडचे हजारो लोक ही सीमा ओलांडतात, ते गंमत म्हणून नव्हे. डोक्यावर भांड्यांचे गाठोडे, काखेत मूल, हातात कोयता, असे हे लोक ट्रकांत बसून बारडोली, मढी, चलथाण, सायण, महुवा या बाजूच्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला जातात. घरी ते अहिराणी किंवा भिली बोलतात. त्यांतल्या खानदेशातल्या मुलांच्या शाळेची भाषा मराठी आहे; म्हणजे शाळा असली आणि मूल शाळेत असले तर. पाच-सहा महिने ते फडाच्या कडेला प्लॅस्टिकच्या कागदाच्या पालांत राहतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर घरी परततात.

हा ऊस तिथे आला कसा? तापी नदीवर आधी काकरापारचा बंधारा झाला आणि पुढे १९७२ साली उकाईचे धरण पुरे झाले. कालव्याचे पाणी आले, ऊस आला. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन १९५० च्या दशकापासून सहकारी साखर कारखाने काढले. बारडोलीचा कारखाना तर एके काळी आशियातील मोठ्यात मोठ्या कारखान्यांत गणला जाई. शेतकऱ्यांनी सहकाराने काय करून दाखवले, याचे हे उत्तम उदाहरण आहे आणि त्याबद्दल त्यांना नमस्कारच केला पाहिजे.

बारडोली हे नाव तुम्हांला दुसऱ्या कारणानेही माहीत असेल. १९२८ साली वल्लभभाई पटेलांनी तिथे शेतसाऱ्याविरुद्ध सत्याग्रह केला. सरकारने सारा २२ टक्क्यांनी वाढवला होता. शेतकरी हटले नाहीत. शेवटी चौकशी बसली आणि तिला आढळले की वाजवी वाढ सुमारे ६ टक्केच होती. या लढ्याचा धडा लक्षात ठेवा: आकडा वरून लादला म्हणून तो खरा होत नाही, हिशेब मांडला की खरे-खोटे कळते. सारा जसा हिशेबाने ठरावा तशी मजुरीही हिशेबानेच ठरावी, एवढेच माझे आजचे म्हणणे आहे.

याच बारडोलीच्या उसात यान ब्रेमन नावाचे डच अभ्यासक फिरले. १९७८ साली त्यांनी इथल्या ऊसतोड मजुरांवर एक लेख लिहिला आणि तो खूप गाजला. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. बारडोलीच्या गावागावांत हळपती समाजाचे भूमिहीन मजूर घरी बसलेले असताना कारखाने दूरवरून माणसे का आणतात? कोणी म्हणत, स्थानिक माणूस हे काम करत नाही. ब्रेमन यांना दिसले ते निराळे होते. परका मजूर चोवीस तास हाताशी असतो. मध्यरात्री गाडी भरायला उठवला तरी उठतो. त्याला जायला दुसरे घर नाही, आणि हंगाम संपला की तो आपोआप नाहीसा होतो. जो माणूस जाऊ शकत नाही, त्याच्याशी घासाघीस करणे सोपे असते. बंधूंनो, हे ऐकून कारखान्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्या बागायतीत आणि आपल्या जेटीवर परमुलखातून आलेली माणसे का असतात, हेही क्षणभर मनाशी विचारा.

फडातले गणित

आता हिशेब मांडू. ऊसतोडीची मजुरी दिवसावर नसते, टनावर असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको पाला साळते, मोळी बांधते, डोक्यावर वाहते. दोघे मिळून पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबले तर दिवसाला सुमारे एक टन ऊस तुटतो.

गुजरातेत या कामाची किमान मजुरी कित्येक वर्षे टनाला २३८ रुपये होती. मजुरांच्या संघटनेने पाठपुरावा केला आणि २०२३ च्या सुरुवातीपासून सरकारने ती एकदम दुप्पट, म्हणजे टनाला ४७६ रुपये केली. ऐकायला ही वाढ भली मोठी वाटते. पण ४७६ ला दोनाने भागा. माणशी २३८ येतात! म्हणजे जो आकडा आधी जोडप्याच्या वाट्याला येत होता, तो आता एका माणसाच्या वाट्याला आला, इतकेच. दीडशे दिवस काम मिळाले असे धरले तर आधी दोघांचे मिळून हंगामाला ३५,७०० रुपये होत, आता ७१,४०० होतील. यातून मुकादमाने पावसाळ्यात दिलेली उचल वजा होते, तिचे व्याज वजा होते, हंगामातली खावटी वजा होते. उरते ते त्यांचे.

आणि आणखी एक गोष्ट. हिशेब कोयत्याचा असल्यामुळे बाईच्या कामाला वेगळे नावच नाही. ती तितकीच राबते, पण मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचे असते. माझ्या भगिनींनो, शेतात कमरेइतक्या चिखलात उभे राहून रोप लावताना आणि बाजारात मासळीची पाटी घेऊन बसताना तुमचा हिशेब कोणाच्या नावावर मांडला जातो, हे तुम्हांला मी सांगायला नको.

आता दुसऱ्या बाजूने गणित करू. एक टन उसापासून ढोबळमानाने १०० किलो साखर निघते. मजुरी टनाला २३८ रुपयांनी वाढली, म्हणजे किलोभर साखरेमागे २ रुपये ३८ पैसे वाढले. ज्या घरात महिन्याला चार किलो साखर लागते, त्या घराने ही सगळी वाढ आपल्या खिशातून भरली तरी महिन्याला दहा रुपयेसुद्धा होत नाहीत. चहाच्या एका कपाइतकी ही रक्कम आहे. तेवढ्याने कोयत्यावरच्या कुटुंबाची कमाई दुप्पट होते. शितावरून भाताची परीक्षा करावी तशी या एका आकड्यावरून तुम्ही सगळ्या प्रश्नाची परीक्षा करू शकता.

शेतकऱ्याची बाजू

पण थांबा. इथे ऊस लावणारा शेतकरी उठून उभा राहील आणि म्हणेल, मास्तर, तुमची साखर राहू द्या, माझे काय? त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, कारण तो तुमच्यासारखाच माणूस आहे.

त्या कारखान्यांत तोडणी आणि वाहतूक कारखानाच करतो आणि तिचा खर्च वजा जाऊन शेतकऱ्याच्या हाती उसाचा भाव पडतो. म्हणजे मजुरी वाढली की पहिला चिमटा शेतकऱ्यालाच बसतो. एकरी ३० टन ऊस धरला तर मजुरीची वाढ एकरी ७,१४० रुपये होते. २०२४-२५ च्या हंगामात केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान रास्त भाव क्विंटलला ३४० रुपये होता. त्या भावाने ३० टनांचे १,०२,००० रुपये होतात. म्हणजे ही वाढ त्याच्या पिकाच्या रकमेच्या सात टक्के आहे. खत, पाणी, बेणे आणि कर्जाचे हप्ते भागवून ज्याच्या हाती थोडेच उरते, त्याला सात टक्के काही थोडे नाहीत. साखर खाणाऱ्याला दहा रुपये आणि ऊस लावणाऱ्याला सात हजार, ही गोष्ट दृष्टीआड करून मजुरीवर भाषणे ठोकणारा उंटावरून शेळ्या हाकतो.

मग खरा प्रश्न हा, की वाढलेली मजुरी कोणाच्या खिशातून यावी? खिसे चार आहेत. एक शेतकऱ्याचा, दुसरा कारखान्याचा, तिसरा साखर खाणाऱ्याचा आणि चौथा सरकारचा. सगळा भार पहिल्या खिशावर टाकला तर शेतकरी मजुराचा वैरी होतो आणि गावात भांडण लागते. वास्तविक कारखान्याला आता नुसत्या साखरेचेच पैसे मिळत नाहीत. चिपाडापासून वीज होते. मळीपासून आणि रसापासून इथेनॉल होते, आणि २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्यापर्यंत मजल गेली. धंदा वाढला तो असा. मग त्या वाढीतला एक वाटा कोयत्यापर्यंत का पोचू नये? आणि सरकारचे म्हणाल, तर साखरेची किमान विक्री किंमत २०१९ साली किलोला ३१ रुपये ठरली आणि उसाचा भाव वाढत असताना तिला पुढे कित्येक वर्षे हात लागला नाही. एका टोकाला भाव बांधून ठेवायचा आणि दुसऱ्या टोकाला खर्च वाढवायचा, यात मधला माणूस चिरडला जातो.

शिवाय ही वाढ एकदम दुप्पट का करावी लागली? कारण मधली वर्षे कोणी हात लावला नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातच म्हटले होते की दर जास्तीत जास्त पाच वर्षांनी तपासून पाहावा. दरवर्षी महागाईप्रमाणे थोडी थोडी वाढ झाली असती तर शेतकऱ्याला ती आधी कळली असती आणि सोसलीही असती. बांध रोज थोडा दुरुस्त केला तर टिकतो. वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले तर एका भरतीत सगळी खाजण बुडते. मजुरीचेही तसेच आहे.

एवढे असूनही काय झाले ते पाहा. मजुरी दुप्पट झाली म्हणून सुरतेकडचा ऊस शेतात वाळत पडला नाही. पुढच्या हंगामात कारखान्यांची धुराडी पेटलीच. इकडे महाराष्ट्रात जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना भाव चढला. मजूर तोच, कोयता तोच, ऊस तोच. एकाने भाव दिला की दुसऱ्यालाही द्यावा लागतो, नाहीतर माणूस नवापूरच्या फलाटावरून पलीकडच्या बाजूला जातो.

धंदा कशाने वाढतो

आता सुरत शहरात येऊ. २००१ च्या जनगणनेत सुरतेची वस्ती सुमारे २४ लाख होती, २०११ मध्ये ती ४४ लाखांवर गेली. जगातले बहुतेक हिरे तिथे पैलू पाडून निघतात. यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालतो. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातली आपली माणसे इतकी आहेत की रस्त्यात मराठी आणि अहिराणी सहज कानी पडते.

काही लोक म्हणतात, सुरतेची भरभराट झाली ती स्वस्त मजुरांमुळे. मला हे पटत नाही. स्वस्त मजूर तर आपल्या देशात सगळीकडेच होते; मग सगळीकडे सुरत का झाली नाही? सुरतेत पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब होते, व्यापाऱ्यांचे जाळे होते, उधारीवर माल देणारा विश्वास होता, मुंबईला जोडणारा लोहमार्ग होता, आणि सूत जवळच मिळत होते. १९९४ च्या सप्टेंबरात शहरात प्लेग पसरल्याची बातमी आली आणि लाखो माणसे मिळेल त्या वाहनाने पळाली. माग थांबले, घंट्या थांबल्या. हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या यंत्राला तिकडे घंटी म्हणतात. मालकांच्या तेव्हा लक्षात आले की कामगार निघून गेला की भांडवल नुसते लोखंड होऊन पडते. पुढे एस. आर. राव नावाचे आयुक्त आले. त्यांनी शहराची साफसफाई शिस्तीला लावली, रस्ते रुंद केले, आणि काही वर्षांतच सुरतेचे नाव देशातल्या स्वच्छ शहरांत घेतले जाऊ लागले. व्यापारही त्यानंतर वाढतच गेला. धंद्याला उत्तेजन द्यायचे म्हणजे काय करायचे, ते यात आले: रस्ता, पाणी, वीज, स्वच्छता, वेळेवर कर्ज आणि कामाचे शिक्षण. मजुराचे पोट मारणे हे धंद्याला उत्तेजन नव्हे.

आणि पोट मारल्यावर काय होते, तेही सुरतेने पाहिले आहे. २०२० च्या टाळेबंदीत काम थांबले, उक्त्या कामावर जगणाऱ्यांच्या गाठीला काहीच नव्हते. कामगार रस्त्यावर उतरले आणि आम्हांला घरी जाऊ द्या म्हणू लागले. टाळेबंदी उठली तेव्हा माग होते, सूत होते, पण हात नव्हते. ज्याला चांगल्या दिवसांत दोन पैसे बाजूला टाकता आले नाहीत, तो वाईट दिवसांत तुमच्याजवळ कशाला थांबेल?

जगाचा अनुभव

परदेशात हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांताने १८९६ साली आणि इंग्लंडने १९०९ साली काही धंद्यांपुरती किमान मजुरी ठरवणारी मंडळे नेमली. दोन उदाहरणे मी मुद्दाम सांगतो, एक या बाजूचे आणि एक त्या बाजूचे.

१९९२ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान मजुरी तासाला सव्वाचार डॉलरवरून पाच डॉलर पाच सेंट केली. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केली नाही. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या उपाहारगृहांत किती माणसे कामावर आहेत ते मोजले. मजुरी वाढली तिथे माणसे कमी झालेली आढळली नाहीत. कार्ड यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

आता दुसरी बाजू. १९३८ साली अमेरिकेने सगळ्या देशासाठी तासाला २५ सेंट किमान मजुरी केली आणि तोच आकडा प्वेर्तो रिको या आपल्या ताब्यातल्या बेटालाही लावला. तिथे बायका घरबसल्या कपड्यांवर भरतकाम करीत आणि त्यांना २५ सेंटच्या किती तरी खाली मिळत होते. आकडा एकदम वर गेला, काम देणाऱ्यांनी काम बंद केले आणि बायकांच्या हातची सुई गेली. १९४० साली कायदा बदलून बेटासाठी धंद्याप्रमाणे वेगळे दर ठरवावे लागले.

या दोन गोष्टींत विरोध नाही. मजुरी धंद्याच्या आवाक्यात, पायरीपायरीने आणि शेजाऱ्यांच्या बरोबरीने वाढली तर धंदा मोडत नाही. दुसऱ्या मुलखाचा आकडा उचलून आपल्यावर चिकटवला तर मोडू शकतो. पण याचा अर्थ असा नव्हे की धंदा कितीही कमी देऊ शकतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच सांगून ठेवले आहे की पोटापुरती मजुरीही जो उद्योग देऊ शकत नाही त्याला चालू राहण्याचा हक्क नाही. १९८२ साली दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात तर याच न्यायालयाने किमान मजुरीहून कमी देऊन काम करून घेणे म्हणजे वेठबिगार, असे म्हटले. पुढे २०१९ चा वेतन संहितेचा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आला. आधी ठराविक कामांच्या यादीपुरते असलेले किमान वेतन त्याने सर्वच कामगारांना लागू केले, आणि सगळ्या देशाला एक तळाचा दर ठरवण्याची सोय केली.

सही एका आकड्यावर, पगार दुसरा

तुम्ही म्हणाल, कायदा झाला, आता काय राहिले? बंधूंनो, कायदा कागदावर असतो आणि मजुरी हातात पडते. या दोहोंत केवढे अंतर असते, ते मी स्वतः अनुभवले आहे.

अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा करून मी पहिल्यांदा एका खाजगी शाळेत लागलो. शाळेचे नाव सांगत नाही. महिन्याच्या शेवटी मी एका आकड्यावर सही करीत असे आणि पाकिटात त्याहून कमी पैसे असत. विचारले तर म्हणत, नको असेल तर दुसरे पुष्कळ आहेत. मी शिकलेला माणूस, वर्गात मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवणारा. पण स्वतःच्या पगाराची वजाबाकी मुकाट्याने गिळत होतो. घरी म्हातारे आईबाप होते. नोकरी जाईल या भीतीने मी दोन वर्षे सही केली. त्या सहीची लाज मला आजही वाटते. मग उसाच्या फडात अंगठा उठवणाऱ्या माणसाला आपण कोणत्या तोंडाने विचारणार, की तू तक्रार का केली नाहीस?

म्हणून म्हणतो, नुसता आकडा वाढवून भागत नाही. वजनाची पावती मजुराच्या हातात पडली पाहिजे. पैसे मुकादमाच्या वहीतून न जाता त्याच्या, आणि त्याच्या बायकोच्या, खात्यात गेले पाहिजेत. उचलीवरचे व्याज बंद झाले पाहिजे. आणि तपासणी सर्वांची सारखी झाली पाहिजे. एक मालक पूर्ण मजुरी देतो आणि शेजारचा चोरतो, तर चोरणाऱ्याचा माल स्वस्त होतो आणि प्रामाणिक माणूस बाजारातून उठतो. किमान मजुरीचा कायदा नुसता मजुराचाच रक्षक नाही. तो प्रामाणिक मालकाचाही रक्षक आहे.

यंत्र आले तर?

आणखी एक शंका नेहमी निघते. मजुरी वाढली की मालक यंत्र आणील आणि मजूर हाकलील. ही शंका खोटी नाही. ऊस तोडणारी यंत्रे आली आहेत. ती महाग आहेत, त्यांना मोठे सलग शेत आणि रुंद सरी लागते, म्हणून लहान तुकड्यांत ती अजून अडतात. पण उद्या ती येतील.

आपल्या किनाऱ्याला हे नवे नाही. १९७० च्या दशकात ट्रॉलर आले तेव्हा धंदा वाढला, मासळी परदेशी गेली, डॉलर आले. पण रापण ओढणाऱ्यांच्या जाळ्यात काय उरले, ते तुमच्या वडिलांना ठाऊक आहे. तेव्हा मजुरी वाढली म्हणून ट्रॉलर आले नव्हते. भांडवल होते, कर्ज मिळत होते, म्हणून आले. मजुरी कमी ठेवली म्हणून यंत्र थांबत नाही. त्यावर उपाय एकच आहे. यंत्र येईल त्या दिवशी ते चालवणारा हात आपल्या मुलाचा असला पाहिजे. आणि इथे मी मास्तर म्हणून बोलतो. जे मूल दिवाळीनंतर हजेरीपटावरून नाहीसे होते आणि उन्हाळ्यात परत येते, ते यंत्र कधी शिकणार? आईबापांची मजुरी इतकी असावी की मुलाला कोयत्यामागे न्यावे लागू नये. माझ्या मते किमान मजुरीचे खरे माप हेच आहे.

आपण काय करावे

आपल्या रापणीत वाट्याची रीत आहे. मासळी जास्त आली तर वाटा मोठा, कमी आली तर लहान. ही रीत चांगली आहे, कारण धंदा वाढला की ओढणाऱ्याचाही वाटा वाढतो. किमान मजुरी ही वाट्याच्या जागी नाही. ती वाट्याच्या खालचा तळ आहे. जाळे रिकामे आले त्या दिवशीही घरी चूल पेटावी, एवढा तो तळ.

तेव्हा या हंगामात आपण चार गोष्टी करू या. पहिली, सरकारने ठरवलेला दर किती आहे तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून घ्या. दुसरी, ज्याला कामाला लावाल त्याचा हिशेब वहीत त्याच्या नावाने लिहा, बाईचा बाईच्या नावाने, आणि पैसे आठवड्याच्या आठवड्याला द्या. तिसरी, आपली सोसायटी किंवा मच्छीमार संस्था मजुरीवाढीचा बोजा एकट्या शेतकऱ्यावर वा होडीवाल्यावर पडू देत नाही ना, हे सभेत उभे राहून विचारा. मालाला भाव आणि मजुराला मजुरी या दोन मागण्या एकाच अर्जात लिहा. चौथी, परमुलखातून आलेल्या मजुराचे मूल तुमच्या अंगणात खेळताना दिसले तर त्याला हाताला धरून शाळेत घेऊन या. जागा नाही असे कोणी म्हटले तर माझे नाव सांगा.

मजुराला कमी देऊन जो पैसा वाचतो, तो गावात राहत नाही. मजुराच्या हातात पडलेला पैसा मात्र दुसऱ्या दिवशी तुमचा तांदूळ घेतो आणि तुमचीच मासळी घेतो. दोन रुपये अडतीस पैशांचा हिशेब मी तुमच्यापुढे मांडला. तो घरी जाऊन पुन्हा एकदा करून पाहा, आणि माझा हिशेब चुकला असेल तर पुढच्या बैठकीत मला कान धरून उभे करा.